पोटाचा वाटा

बेल्जियममधल्या तुरुंगांचे आणि धर्मादाय संस्थांचे महानिरीक्षक एदुआर द्युकपेत्यो यांनी १८५५ साली कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून छापले. पावाला किती, बटाट्यांना किती, भाड्याला किती, सरपणाला किती, अशी ती रुक्ष कोष्टकं होती. दोन वर्षांनी सॅक्सनी राज्याच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख अर्न्स्ट एंगेल यांनी त्यांतली १५३ कुटुंबं घेतली आणि त्यांचे तीन गट पाडले: मदतीवर जगणारी, मदत न घेता कसंबसं भागवणारी आणि त्यातल्या त्यात सुस्थितीतली. पहिल्या गटाच्या खर्चातले जवळजवळ ७१ टक्के अन्नावर जात होते, दुसऱ्याचे ६७ आणि तिसऱ्याचे ६२.

एवढ्याशा फरकावरून एंगेल यांनी नियम मांडला: कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. कमाई वाढली की अन्नावरची रक्कमही वाढते, पण कमाईच्या मागे पडत जाते. (मार्क्स यांचे सहकारी फ्रीडरिख एंगेल्स ते वेगळे. दोघेही जर्मन, जन्मवर्षांतही एकाच वर्षाचं अंतर, त्यामुळे घोटाळा नेहमीचा.)

अर्थशास्त्रातले बरेचसे नियम देश बदलला की डळमळतात. हा नियम मात्र दीडशेहून अधिक वर्षं जिथे नेला तिथे टिकला. लोक खर्च कसा करतात हे समजून घ्यायला नुसता पगाराचा आकडा पुरत नाही. पोटाचा वाटा काढून ठेवल्यावर हातात काय उरतं, यावर पुढचं सगळं ठरतं. महागाई एका घराला जेमतेम जाणवते आणि दुसऱ्या घराचा कणा मोडते, त्याचंही कारण तिथेच सापडतं.

वाटा आक्रसतो, ताट बदलतं

भारताचीच गोष्ट घ्या. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातले सुमारे ५९ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चातले ४८ टक्के अन्नावर जात. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात हेच आकडे ४६ आणि ३९ वर आले. त्या वर्षी ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये होता, शहरी भागात ६,४५९. महाराष्ट्रात ग्रामीण ४,०१० आणि शहरी ६,६५७. पुढच्या वर्षीच्या सर्वेक्षणात अन्नाचा वाटा किंचित वर सरकला, पण वीस-पंचवीस वर्षांची दिशा स्पष्ट आहे. अन्नातून सुटलेला पैसा प्रवास, औषधपाणी, कपडे, टिकाऊ वस्तू यांच्याकडे गेला. अन्नाखेरीजच्या खर्चात आज सर्वांत मोठी बाब प्रवासाची आहे.

जगाच्या दोन टोकांना पाहिलं तर फरक आणखी ठसठशीत दिसतो. अमेरिकेत १९६० साली खर्चयोग्य उत्पन्नातले सुमारे १७ टक्के अन्नावर जात, आता सुमारे ११ टक्के जातात, आणि त्यात बाहेरचं खाणंही आलं. नायजेरियाच्या २०१९ च्या अधिकृत सर्वेक्षणात घरखर्चातला निम्म्याहून अधिक भाग अन्नाचा होता. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी १३ देशांतल्या अतिगरीब ग्रामीण कुटुंबांचे खर्च तपासले तेव्हा अन्नाचा वाटा ५६ ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान निघाला. १८५५ सालच्या बेल्जियमचे तिन्ही गट या पट्ट्यात सहज बसतात.

उत्पन्न वाढतं तसं ताटही आतून बदलतं. मेरिल बेनेट या अमेरिकी अभ्यासकांनी १९४१ मध्ये दाखवलं, की समृद्धीबरोबर भात, पोळी, कंद यांचा वाटा घटतो आणि दूध, मांस, फळं, भाज्या यांचा वाढतो. जपानमध्ये १९६२ साली माणशी वर्षाला सुमारे ११८ किलो तांदूळ खाल्ला जात होता; आता तो ५० किलोंच्या आसपास आहे. भारताच्या ग्रामीण भागात १९९९-२००० मध्ये एकूण खर्चातले सुमारे २२ टक्के तृणधान्यांवर जात, २०२२-२३ मध्ये जेमतेम ५. त्यात रेशनच्या धान्याचा हात आहे, आणि धान्य कमी खाल्लं जातं हेही खरं: २०११-१२ मधल्या माणशी महिन्याला ११ किलोंवरून २०२२-२३ मध्ये साडेनऊ किलोंवर. उलट पेयं, बिस्किटं, फरसाण, तयार खाणं यांवर ग्रामीण घर सुमारे साडेनऊ टक्के आणि शहरी घर साडेदहा टक्के खर्च करतं. ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या गावातल्या टपरीवर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा का लोंबतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

माणूस आधी पोट भरतो आणि मगच बाकीचं पाहतो, असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण एंगेल यांच्या बाजूची. बॅनर्जी-डुफ्लो यांना राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात दिसलं ते वेगळं होतं. तिथली अतिगरीब कुटुंबंही वर्षाच्या खर्चातले सुमारे १० टक्के सणसमारंभांवर घालत होती. पोटाला चिमटा काढून लग्नकार्य करणं किंवा टीव्ही घेणं बाहेरून पाहणाऱ्याला उधळपट्टी वाटते. पण चार माणसांतली पत आणि संध्याकाळचा विरंगुळा यांचीही माणसाला गरज असते, आणि ती उत्पन्न वाढेपर्यंत थांबून राहत नाही. अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ मध्ये भारतातलं आणखी एक कोडं मांडलं. उत्पन्न वाढत असतानाही दरडोई उष्मांक कमी होत होते. अंगमेहनत कमी झाली, रोगराई कमी झाली, म्हणून भूकही कमी झाली असावी, हे त्यांनी सुचवलेलं एक स्पष्टीकरण.

भाव चढतो तेव्हा

आता किमतीकडे वळू. एका घराच्या शंभर रुपयांतले साठ अन्नावर जातात, दुसऱ्याच्या शंभरांतले बारा. अन्न सरसकट दहा टक्क्यांनी महागलं, तर तेच जेवण जेवायला पहिल्या घराला सहा रुपये जादा लागतील आणि दुसऱ्याला एक रुपया वीस पैसे. हे पैसे येणार उरलेल्या रकमेतून. पहिल्या घराच्या उरलेल्या चाळीसातले सहा गेले, म्हणजे शाळा, औषधं, भाडं, प्रवास या सगळ्यांना मिळून पंधरा टक्के कात्री. दुसऱ्याच्या अठ्ठ्याऐंशीतून सव्वा रुपयाही गेला नाही. बाजारात दोघांसाठी भाव एकच चढला, पण गरीब घराच्या दृष्टीने तो पगारकपातीसारखा होता.

शिवाय सुस्थितीतल्या घराला खाली उतरायला पायऱ्या असतात. हॉटेल बंद करून घरी जेवता येतं, महागड्या तांदळाऐवजी साधा घेता येतो. ज्याचं हातावर पोट आहे, तो आधीच खालच्या पायरीवर उभा असतो. तिथे कपात होते ती डाळीत, दुधात, अंड्यांत.

या कपातीतून कधी कधी असं काही घडतं की मागणीचा प्राथमिक नियमच उलटा पडतो. भाव वाढला की मागणी घटते, हे आपण शाळेत शिकतो. पण आल्फ्रेड मार्शल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर रॉबर्ट गिफेन यांचा हवाला देऊन लिहिलं, की गरीब कुटुंबात पाव महागला तर पावाचा खप वाढू शकतो. मांस आधीच परवडेनासं झालेलं असतं, आणि महाग झाला तरी पावच सर्वांत स्वस्त पोटभर अन्न राहतो. शंभर वर्षं ही कल्पना पाठ्यपुस्तकांत राहिली. तिचा भक्कम पुरावा काही मिळत नव्हता. मग रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान आणि गान्सू प्रांतांत प्रत्यक्ष प्रयोग केला. तिथल्या काही गरीब शहरी कुटुंबांना मुख्य धान्य स्वस्तात घेण्याची कुपनं दिली, हुनानमध्ये तांदळाची आणि गान्सूमध्ये गव्हाच्या पदार्थांची. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हुनानचं चित्र स्पष्ट होतं. तांदूळ स्वस्त झाल्यावर कुटुंबांनी तो कमी खाल्ला. वाचलेल्या पैशांतून ताटात दुसरं काही आलं आणि भाताची गरज घटली. सवलत काढून घेतल्यावर भात पुन्हा वाढला. गान्सूमधला पुरावा तुलनेने कमजोर होता. आणि अगदी तळाच्या कुटुंबांत हे घडलंच नाही, कारण त्यांच्या ताटात भाताखेरीज कमी करण्याजोगं काही नव्हतंच.

मुख्य अन्नाचा भाव हा म्हणूनच अनेक देशांत राजकारणाचा विषय असतो. २००७ च्या जानेवारीत मेक्सिकोत मक्याच्या तोर्तियाचे भाव भडकले. अमेरिकेत इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली होती, आणि त्या झळा थेट मेक्सिकोतल्या गरिबाच्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या. राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी उत्पादकांशी करार करून किलोला साडेआठ पेसोंची मर्यादा घातली, तरी महिनाअखेरीस हजारो लोक मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर उतरले. इजिप्तमध्ये १९७७ च्या जानेवारीत अन्नावरचं अनुदान कमी करण्याची घोषणा होताच दंगली पेटल्या आणि अन्वर सादात यांच्या सरकारला ती मागे घ्यावी लागली. त्यानंतर तिथे अनुदानित 'बलादी' पाव तीन दशकांहून अधिक काळ पाच पियास्त्रांनाच मिळत राहिला. २०२४ च्या जूनमध्ये सरकारने तो वीस पियास्त्रांवर नेला. मधल्या काळात, २०२० मध्ये, भाव तोच ठेवून पावाचं वजन मात्र ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आणलं होतं. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो आणि हातात हलका लागत जातो, त्यामागेही हाच हिशेब असतो.

कांद्याची गोष्ट आपल्या अधिक जवळची, पण तिच्यामागचं सूत्र जुनं. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हनंट यांनी ग्रेगरी किंग यांच्या नावे एक हिशेब छापला: धान्याचं पीक दहा टक्के कमी आलं तर भाव तीस टक्के चढतो. अन्नाशिवाय चालत नाही, त्यामुळे भाव चढला तरी मागणी फारशी हटत नाही, आणि थोड्याशा तुटवड्यानेही भाव उसळतो. लासलगावच्या बाजार समितीत हा नियम दोन्ही बाजूंनी अनुभवाला येतो. आवक थोडी घटली की शहरात ओरड होते. आवक थोडी वाढली की भाव कोसळतो, कारण स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांद्याच्या भावाने सत्ताधाऱ्यांना रडवलं, हे सगळेच पक्ष लक्षात ठेवून आहेत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि ती पुढच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत राहिली. शहरी ग्राहकाच्या पोटाचा वाटा सांभाळायचा आणि त्याची किंमत नाशिक-नगरच्या शेतकऱ्याने मोजायची, हा सौदा दर काही वर्षांनी होतो. ज्या देशात अन्नावर उत्पन्नाचा दहावा हिस्सा जातो, तिथल्या सरकारला असा सौदा करण्याची घाई नसते.

रुपयाची ताकद

देशादेशांतल्या खर्चाची तुलना करताना एक अडचण येते. बाजारातल्या विनिमय दराने रुपयांचे डॉलर केले तर भारतीय माणूस आहे त्याहून फार गरीब दिसतो. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम सुरू केला तो यासाठीच. अर्व्हिंग क्रॅव्हिस, अ‍ॅलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स हे त्याचे मुख्य शिल्पकार, आणि पहिल्या दहा देशांत भारत होता. २०१७ च्या फेरीत दिसलं, की बाजारात डॉलर सुमारे ६४ रुपयांना पडत असताना, अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढं भारतात २०.६५ रुपयांत मिळत होतं.

हा फरक प्रत्येक वस्तूत सारखा नसतो. मोबाइल फोन, कच्चं तेल, विमान यांचा भाव जगभर साधारण एकमेकांच्या जवळपास राहतो, कारण वस्तू सीमा ओलांडतात. केस कापणं, कपडे धुणं, स्वयंपाक, घरकाम यांना सीमा ओलांडता येत नाही. त्यांचा भाव स्थानिक मजुरीवर ठरतो, आणि गरीब देशात मजुरी कमी असते. बेला बलाशा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं. त्यामुळे गरीब देशात माणसाचे श्रम स्वस्त आणि यंत्रं महाग असतात, श्रीमंत देशात उलट. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात पोळ्यांना बाई आणि धुण्याभांड्यांना बाई असते, पण चांगला फोन हप्त्यांवर घ्यावा लागतो. तेच कुटुंब न्यू जर्सीला गेलं की फोन सहज येतो आणि भांडी स्वतः यंत्रात लावावी लागतात. खर्चाचा आराखडा बदलण्यात सवयीपेक्षा भावांच्या या उलटापालटीचा हात मोठा.

कमाई कशी येते, यावरही खरेदी ठरते. रोजंदारीवर जगणाऱ्याला महिनाभर पुरेल अशी तेलाची बाटली घेता येत नाही. त्याला आजच्या मजुरीत बसेल तेवढंच हवं असतं. फिलिपिन्समध्ये कोपऱ्यावरच्या 'सारी-सारी' दुकानांत लसणाची पाकळी, एकच सिगारेट, पेलाभर तेल असं सुटं मिळतं. तमिळनाडूतल्या कडलूरमधून आलेल्या शाम्पूच्या पुडीने ऐंशीच्या दशकात भारताचा बाजार बदलला, तो याच गणितावर.

गरिबी मोजायची पट्टी

एंगेल यांचा नियम इतका विश्वासू निघाला, की सरकारांनी त्याचा मोजपट्टी म्हणून वापर केला. अमेरिकेत मॉली ओर्शान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात दारिद्र्यरेषा आखली. १९५५ च्या पाहणीत कुटुंबं उत्पन्नाचा एक तृतीयांश अन्नावर खर्च करत होती, म्हणून काटकसरीच्या अन्नखर्चाची तिप्पट ही रेषा धरली. भारतात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोजच्या २,२५० उष्मांकांचा आधार घेतला आणि १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा काढली. त्याआधी, १९२३ मध्ये, मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांचा गिरणगावाच्या जमाखर्चाचा अहवाल छापला होता. त्यात कामगाराचा आहार मुंबईच्या तुरुंग-नियमावलीतल्या कैद्याच्या आहाराहूनही कमी असल्याचं नोंदवलेलं आहे. चीन तर अन्नाच्या वाट्याचा आकडा प्रगतिपुस्तकासारखा दरवर्षी जाहीर करतो. १९७८ मध्ये तो खेड्यांत ६७.७ आणि शहरांत ५७.५ टक्के होता. २०१७ मध्ये देशभराचा आकडा प्रथमच ३० टक्क्यांच्या खाली आला.

पण पट्टी जुनी होते. अमेरिकी कुटुंबाच्या खर्चात आज अन्नाचा वाटा जेमतेम आठवा हिस्सा आहे आणि एक तृतीयांश खर्च घरावर जातो, तरी तिथली अधिकृत रेषा मूळच्या तिपटीच्या हिशेबावरच, फक्त महागाईची भर घालत, पुढे चालली आहे. गळ्याशी येतं ते घरभाडं आणि आजारपण, आणि ते तिच्यात नीट उमटत नाही. जपानमध्ये तर वाटा उलट फिरला आहे. तिथे 'एंगेल गुणांक' हा शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेला शब्द. २०२४ मध्ये तो २८.३ टक्क्यांवर गेला, चार दशकांतला सर्वांत वरचा. पगार महागाईच्या मागे पडले, येन घसरला, आयात अन्न महागलं. २०२५ च्या वसंतात पाच किलो तांदळाची पिशवी वर्षभरात दुप्पट होऊन चार हजार येनांवर गेली. समर्थक भेट देतात म्हणून आपल्याला तांदूळ विकत घ्यावाच लागत नाही, असं बोलून गेलेल्या कृषिमंत्री ताकू एतो यांना मे महिन्यात राजीनामा द्यावा लागला. अन्नाचा वाटा एकदा खाली आला की खालीच राहतो, हा समज जपानने खोटा ठरवला.

भारतातही पट्टीचा प्रश्न आहे. महागाई मोजताना कोणत्या वस्तूला किती भार द्यायचा, हे लोकांच्या खर्चावरून ठरतं. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक, ज्यावर सरकारी नोकरांचा महागाई भत्ता ठरतो, २०१६ च्या आधारवर्षावर आला तेव्हा त्यातला अन्नाचा भार ४६ वरून ३९ टक्क्यांवर आणला गेला. शेतमजुरांचा निर्देशांक मात्र १९८६-८७ च्या आधारवर्षावर २०२५ पर्यंत चालत राहिला, अन्नाला ६९ टक्के भार देत. रोजगार हमीची मजुरी अनेक वर्षं त्यालाच बांधलेली होती. अन्नापेक्षा औषधं, प्रवास, शिक्षण वेगाने महागतात तेव्हा असा निर्देशांक महागाई कमी दाखवतो, आणि मजुरी तेवढीच कमी वाढते. २०१७-१८ च्या उपभोग खर्च सर्वेक्षणाचे निष्कर्ष सरकारने जाहीर केले नाहीत, त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ चेच आकडे हाती आले. मधल्या अकरा वर्षांत देशाचं ताट आणि खिसा दोन्ही बदलले होते. भत्त्याचं कवच असलेल्यांचं या दिरंगाईने फारसं अडलं नाही. ज्यांची मजुरी जुन्या निर्देशांकावर मोजली जात होती, त्यांना भुर्दंड पडला.